सोपट

चोपड्याच्या शाळेतून ती दिसायची,
फळ्याच्या डावीकडच्या खिडकीत,
भूमितीच्या तासाला सगळ्यात जास्त:
एक निळी रेघ,
पट्टी न लावता ओढलेली.
दहावीच्या शेवटच्या पेपरनंतर लोटन म्हणाला होता,
जाऊ एकदा.

गेलो तेव्हा एकतीस वर्षं झाली होती.
लोटनची एसटीत बावीस भरलेली,
चूडामणच्या छातीत दोन स्टेंट,
नलूने घरी सांगितलेलं, नणंदेकडे जाते,
आणि मी, जिला अजून
चढाची नाही, उतरणीची भीती वाटते.

सत्रासेनच्या पुढे रस्ता संपला
तिथे रेघ निळी नव्हतीच.
कुसळीचं पिवळं गवत, काळा दगड,
सालईची साल निघालेली खोडं,
आणि पळस, एवढा लाल
की नलू म्हणाली, बघवत नाही गं.
पाड्यावरच्या माणसाने हात वर करून वाट सांगितली:
पहिल्या धारेवर चढा,
मग धारच नेईल.

धारेने नेलं.
एकीच्या पाठीमागे दुसरी, दुसरीच्या आडून तिसरी.
प्रत्येक वेळी वाटायचं, हेच टोक,
आणि आम्ही पोचेपर्यंत
ते पुढे सरकून बसलेलं.
माझे उधारीवाले असेच, चूडामण म्हणाला,
दुकान दिसलं की गल्ली बदलतात.

दोन्ही बाजूंना घळी.
डावीकडची मध्य प्रदेशात उतरते, लोटनने सांगितलं,
उजवीकडची आपल्यात.
मधल्या दीड फुटावर
मी बसून बसून सरकले,
ड्रेसचा मागचा तुकडा दगडाला देऊन.
कुणी हसलं नाही.
मग सगळेच हसले.

बारा वाजता पाणी मोजलं: अडीच बाटल्या.
एक वाजता चूडामणच्या बुटाचा तळ
कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबला.
तो दगडावर बसला, हात छातीवर.
तो हात बघून
आम्हा तिघांना काही बोलता येईना.
"आखो कितलं शे?" तो म्हणाला,
"तुम्ही जा. मी आठेच बठस."
"दुखस का?" नलूने विचारलं.
"नई. लाज वाटस."

लोटनने पिशवीतून केळी काढली,
फणीभोवतीचं सोपट सोडलं,
उरलेल्या पाण्यात भिजवलं,
होय, पिण्याच्याच,
आणि त्याच्या पायाशी बसून
तीन वेढ्यांत बूट बांधला,
बापाच्या मळ्यात घड बांधायचा तसा.
सुकलं की आवळतं, म्हणाला.
ऊठ.

शेवटच्या धारेवर पोचलो का, मला माहीत नाही.
पुढे अजून एक होतीच.
पण चूडामणने जिथे काठी टेकली
तिथे आम्ही ठरवलं, हेच.
दक्षिणेला एक चकाकी, तापी असेल,
केळीचा हिरवा पट्टा, जिनिंगचा धूर,
आणि त्या धुरकटात शाळा शोधत बसलो.
नलूचं बोट एकीकडे, लोटनचं दुसरीकडे.
सापडली नाही.
रविवार होता,
खिडकीत तसंही कुणी नसणार.

उतरताना वाट गेली.
उन्हं कलली, घळ तीच की दुसरी कळेना,
मोबाईलवर शेजारच्या राज्याचा निरोप आला:
आपले स्वागत आहे.
मग खालून ढोल.
भोंगऱ्याला दोन दिवस होते,
पाड्यावर कुणीतरी कातडं तापवून बघत होतं.
वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा,
आमच्यासाठी नव्हे.
आम्ही कानाने उतरलो,
वाजला की चालायचं,
थांबला की उभं राहायचं,
एकमेकांच्या खांद्याला धरून,
आणि सगळ्यात पुढे मी.
ज्याला घसरायची भीती
तोच पाय बघून ठेवतो, लोटन म्हणाला.
मला ते कौतुक वाटलं. असेल, नसेल.

एका बाईने तांब्या दिला,
चूडामणच्या बुटाकडे बघितलं,
विचारलं काहीच नाही.

रात्री साडेअकराला त्याचा फोन.
मी उठून बसले, पुन्हा तोच हात डोळ्यांपुढे.
"हे सोपट सुटतच नई व," तो ओरडला,
"बूट घालीसनच निजू का?"